आज कुठवर?

माझा दादा काय काम करतो असं कुणी विचारलं की मी सांगते, दोरी ओढायचं. लोक हसतात. हसू देत बापडे. पण मोठ्या इमारतीच्या मनोऱ्यावर रविवार सोडून रोज सकाळी देशाचा झेंडा चढतो आणि संध्याकाळी उतरतो, तो काही आपल्या पायांनी जात नाही. तो दादा चढवतो आणि दादाच उतरवतो. डोक्यावर काळे केस होते तेव्हा त्याने हे काम धरलं. आता केसच उरले नाहीत, त्यामुळे काळे की पांढरे हा प्रश्न मिटला.

त्याच इमारतीच्या तळघरात मी झेंडे दुरुस्त करते. झेंडा फाटतो तो नेहमी मोकळ्या टोकाला. दोरीची बाजू शाबूत राहते, आणि दुसऱ्या टोकाला वारा दिवसभर झोडपून काढतो. मग तो माझ्या मशीनवर येतो. मी फाटकी कड कापते, नवीन दुमड घालते, दुहेरी शिवण मारते आणि वर पाठवून देते. दर खेपेला झेंडा बोटभर आखूड होतो, आणि फारच आखूड झाला की बाद. माझे गुडघे आणि डोळे बघता माझाही नंबर लवकरच लागणार आहे, पण ते असो.

आम्ही घरात तिघं. दादा, वहिनी, आणि मागच्या खोलीत मी. लग्न केलं नाही, त्याची कारणं विचारायला आता कुणी येत नाही हे एक बरं झालं. वहिनी शाळेत लहान मुलांना शिकवायची. माझं नाव तिने 'सुई' ठेवलं होतं. कामामुळे नव्हे, जिभेमुळे.

आमच्या झेंड्याचे तीन पट्टे, निळा, पांढरा आणि पिवळा. माझ्या आधी तळघरात जी म्हातारी बसायची, तिची आई पहिला झेंडा शिवायला होती. देश नवा झाला तेव्हा सगळीच घाई होती. निळं कापड इस्पितळाच्या पडद्यांतलं उरलेलं, पांढऱ्यासाठी चादर फाडली, आणि पिवळं कुठे मिळेना म्हणून छत्र्यांच्या कारखान्यातून आणलं. झेंडा चढला, लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि मग एक समिती बसली, रंगांचा अर्थ ठरवायला.

तो अर्थ वहिनीला शिकवावा लागायचा. आधीच्या पुस्तकात निळा म्हणजे समुद्र. आता समुद्र आमच्यापासून दोन देश पलीकडे, पण म्हटलं तर म्हटलं. मग सरकार बदललं आणि निळा म्हणजे आकाश झाला. त्यानंतरच्यांनी ठरवलं की निळा म्हणजे कष्टकऱ्यांचा सदरा. वहिनीने तिन्ही शिकवले. एका घरातल्या थोरल्याला समुद्र शिकवला होता आणि धाकट्याला आकाश, तर त्यांची आई शाळेत भांडायला आली. म्हणाली, "बाई, रोज जेवताना दोघांची जुंपते. एकदा काय ते ठरवा आणि मला सांगा."

मी वहिनीला विचारायची, "अगं, पण खरं काय?"

"खरं म्हणजे इस्पितळाचा पडदा," ती हसून म्हणायची. "आधी कापड येतं गं सुई. अर्थ मागून येतो, सावकाश. त्याला कुठे घाई असते?"

एकच गोष्ट ती पुस्तकाबाहेरची शिकवायची. कुणी मोठं माणूस गेलं की दुखवटा असतो आणि झेंडा अर्ध्यावर राहतो. एका पोरीने तिला विचारलं होतं, बाई, मग वरची अर्धी काठी रिकामी का ठेवतात? वहिनी म्हणाली, गेलेल्या माणसाला जागा नको का? दिवसभर ती जागा त्याची. हे तिने स्वतःच्या मनाने सांगितलं होतं. कुठल्याच सरकारचं नसल्यामुळे तिला ते कधी बदलावं लागलं नाही.

दादाला या गप्पांत रस नव्हता. त्याला रस घडीत. संध्याकाळी उतरवलेल्या झेंड्याची घडी घालायची एक रीत आहे. दोघांनी दोन टोकं धरायची, लांबीत दुमडायचं, निळी बाजू बाहेर ठेवायची आणि कापड जमिनीला टेकू द्यायचं नाही. हा माणूस घरच्या चादरींचीसुद्धा तशीच घडी घालायचा. वहिनीला समोर उभी करायचा, हातात टोक द्यायचा आणि म्हणायचा, ताठ धर, टेकवू नकोस. ती म्हणायची, "अहो, चादर आहे ही, राष्ट्र नव्हे!" पण टोक ताठ धरायची. त्यांचं दोघांचं सगळं संसाराचं बोलणं त्या चादरीच्या दोन टोकांवरून व्हायचं. किराणा, भांडणं, माझी जीभ, सगळं.

मग ती आजारी पडली. अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. खिडकीतून मनोरा दिसायचा नाही तिला, म्हणून दादा संध्याकाळी घरात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज कुठवर?"

"वर," दादा म्हणायचा, आणि मग हातपाय धुवायला जायचा.

कधी दुखवटा असला तर म्हणायचा, "अर्ध्यावर." लगेच तिचा दुसरा प्रश्न यायचा, "कोण गेलं?" दादा नाव सांगायचा. वहिनी हळहळायची, अगदी मनापासून. माणूस ओळखीचं असो की नसो, चांगलं असो की वाईट. मला राग यायचा. तुझं तुला उठवत नाही आणि तू त्या मंत्र्यासाठी काय रडतेस, असं मी बोलून गेले होते एकदा. ती म्हणाली, "त्याच्या घरीसुद्धा कुणीतरी संध्याकाळी वाट बघत असेल ना गं."

ती गेली शनिवारी, दिवस मावळायच्या बेताला. दादा कामावर होता. मी डॉक्टरांना बोलावलं, ते आले, त्यांनी मान हलवली आणि बॅग उचलली. मला वाटलं होतं दादाला निरोप पाठवावा, पण तेवढ्यात तोच दारात आला. पायताण काढता काढता, खाटेकडे न बघता, रोजच्यासारखा म्हणाला, "वर होता गं आज."

मी एवढंच म्हटलं, "दादा, बस जरा."

तो बसला. समजला. पण रडला नाही. रविवारी सगळं उरकलं, माणसं आली, गेली, चहाचे कप विसळून झाले, तरी हा रडला नाही. ती गेली हे शब्दसुद्धा त्याच्या तोंडून आले नाहीत. कुणी हात हातात घेतला की म्हणायचा, "हो, हो, या ना, बसा." खाटेच्या पायथ्याशी वहिनीची चादर चुरगळून पडली होती, तिने शेवटी पायाने लोटली होती तशीच. मी उचलायला गेले तर म्हणाला, "राहू दे ती." रात्रभर त्या चादरीकडे बघत बसला असावा. सकाळी मी उठले तेव्हा त्याच खुर्चीत होता, डोळे कोरडे ठणठणीत. मला त्या कोरड्या डोळ्यांची भीती आदल्या दिवसापासूनच वाटत होती. रडून मोकळा झाला नाही तर हा माणूस उभ्याउभ्या कोसळेल, मला तर तसंच दिसत होतं. एक माणूस गेलं होतं, दुसरं मला घालवायचं नव्हतं. बाकी मला काही नको होतं.

म्हणून मी रविवारीच साहेबांना फोन केला होता. आमच्या साहेबांना मी इस्त्रीसाहेब म्हणते. कपड्यांना घडी, केसांना घडी, तोंडालाही घडी. त्यांनी सहानुभूती दाखवली, ती पण व्यवस्थित दाखवली. मग म्हणाले, "पण सगळं आजच झालं ना? म्हणजे सुट्टीच्या दिवशीच झालं."

"मग?"

"मग रजेचा तसा प्रश्न येत नाही."

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. वाटलं, या साहेबाला तळघरात नेऊन मशीनखाली घालावं आणि दुहेरी शिवण मारावी.

"हे बघा," ते म्हणाले, "झेंड्याचा सुवर्णमहोत्सव तोंडावर आलाय. रोज रंगीत तालीम आहे. तुमच्या भावाशिवाय मनोऱ्यावरची दोरी कुणाला कळते? सोहळा होऊ द्या, मग हवी तितकी रजा घ्या म्हणावं."

सोमवारी सकाळी दादा निघाला. मी दारात आडवी उभी राहिले.

"आज नको जाऊस रे."

"मग चढवणार कोण?"

"वारा चढवेल! नाही चढला एक दिवस तर काय देश बुडणार आहे का?"

"बाजूला हो, सुई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. त्याने मला सुई म्हटलं, वहिनीचं नाव घेतल्यासारखं, आणि मी बाजूला झाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शहरात दुखवट्याचं एक त्रांगडं आहे. हुकूम वरून निघतो तो सगळ्या कचेऱ्यांत पोचेपर्यंत कधीकधी दुसरा दिवस उजाडतो. मागे एका कचेरीचा झेंडा दुखवट्याच्या दिवशी दुपारपर्यंत वरच राहिला, आणि तिथल्या साहेबाची अशा गावाला बदली झाली की पत्र जायलाही आठवडा लागतो. तेव्हापासून सगळ्यांनी धडा घेतला. हुकमाची वाट बघायची नाही, आमच्या मनोऱ्याकडे बघायचं. तिथे अर्ध्यावर दिसला की आपलाही अर्ध्यावर. आणि कोण गेलं हे विचारायचं नाही, कारण विचारलं म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं असं ठरतं.

मी तळघरात मशीनवर बसले होते. माझी खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे. माणसांचे पाय दिसतात आणि मान वाकडी केली तर समोरच्या बँकेचा झेंडा दिसतो. सुईत दोरा ओवता ओवता बघते तर बँकेचा शिपाई झेंडा खाली घेतोय. अर्ध्यावर आणला, बांधला, टोपी काढून उभा राहिला. थोड्या वेळाने पोस्टाचाही आला. मग पलीकडच्या कोर्टाचा. मी मनात म्हटलं, गेला वाटतं कुणीतरी बडा. वहिनी असती तर विचारलं असतं, आणि हळहळली असती.

तेवढ्यात वरची फोनवाली धावत खाली आली. आमच्या इमारतीचे सगळे फोन तिच्याकडे येतात. बिचारी घामाघूम झाली होती.

"काय चाललंय काही कळत नाहीये हो! फोन ठेवला की वाजतोय. बँकेचे मॅनेजर म्हणाले, 'फार वाईट झालं.' मी म्हटलं, 'हो ना.' ते म्हणाले, 'फार मोठी हानी.' मी म्हटलं, 'खरंय.' मग दोघंही गप्प. तेही नाव घेईनात आणि मीही घेईना."

"मग कोण गेलंय?"

"मला काय माहीत! कोर्टाला वाटतंय माजी अध्यक्ष गेले. कुणीतरी त्यांच्या घरी फुलांचं चक्रसुद्धा पाठवलं. ते स्वतः दार उघडायला आले म्हणे. फुलं बघून म्हणाले, अजून नाही म्हणावं, पण ठेवून जा."

माझ्या तोंडातून हसू फुटलं. दोन दिवसांतलं पहिलं. लाज वाटली, तरी हसले.

"आणि आपले साहेब?" मी विचारलं.

"ते तर सगळ्यात पुढे! आल्या आल्या मनोरा बघितला आणि सगळ्यांना अंगणात उभं करून मौन पाळायला लावलं. वरून फोन आला, तुम्हाला हुकूम मिळाला का, तर म्हणाले, हो, मिळाला, अंमल झाला. आता आतून दार लावून बसलेत. रेडिओ लावलाय, नाव कळतंय का बघतायत."

"म्हणजे आपलाही अर्ध्यावर आहे?"

"अहो, आपलाच आधी! आपलं बघूनच बाकीच्यांनी घेतला."

मी जिन्याने वर गेले, गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दिलं, आणि अंगणात जाऊन मान वर केली. मनोऱ्यावर झेंडा बरोबर अर्ध्यावर होता. निळा, पांढरा, पिवळा, आणि वर नुसती काठी.

अडकला नव्हता. दोरी अडकली की झेंडा वेडावाकडा लोंबतो, हे मला तळघरात बसूनही कळतं. हा नीट बांधलेला होता. दुखवट्याची रीत असते, आधी झेंडा थेट वर न्यायचा, क्षणभर धरायचा, टोपी काढायची, आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणून बांधायचा. हे सगळं कुणीतरी शिस्तीत केलं होतं. आणि ते करणारा माणूस या शहरात एकच होता.

त्याला हुकूम कुणी दिला असेल, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

मी खाली आले. हुकमाशिवाय झेंडा अर्ध्यावर म्हणजे साधी चूक नव्हे. त्यासाठी माणसाला नोकरीतून काढतात, तेही सोहळ्याच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत. दादाचं आयुष्य त्या दोरीवर गेलं आणि शेवट असा होणार म्हटल्यावर माझा जीव तुटायला लागला. आणि खरं सांगायचं तर रागही आला, त्या दोरीचा, साहेबांचा, दादाचा, शनिवारीच जाणाऱ्या वहिनीचासुद्धा. सगळ्यांना थोडं थांबता येत नव्हतं का?

दार लोटून दादा आत आला. हातात एक फाटका झेंडा, काखेत टोपी. चेहरा रोजचा. झेंडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "याची कड गेलीय. तालमीच्या आधी देशील?"

"देते."

तो जायला वळला आणि त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली. समोर बँकेचा झेंडा, पलीकडे पोस्टाचा, त्याच्या पलीकडे कोर्टाचा. तो थांबला. वाकून नीट बघितलं. मग माझ्याकडे वळला, डोळ्यांत खरोखरचं आश्चर्य.

"अगं सुई," तो म्हणाला, "कोण गेलं?"

त्याला ठाऊक नव्हतं. देवाशपथ सांगते, त्याला ठाऊक नव्हतं. मनोऱ्यावर उभं राहून हातांनी आपलं आपण केलं होतं. घरात कुणी गेलंय एवढं त्या हातांना कळलं, आणि कुणी गेलं की काय करायचं तेही त्यांना पाठ होतं. बाकीचा दादा अजून शनिवारी दारात पायताण काढत उभा होता.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. साहेब. माझ्या मनात आलं, आता हे येतील आणि ओरडून सांगतील, कुणाच्या हुकमाने केलंत हे? आणि मग याला कळेल, पण असं कळेल. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. हे सांगणं घरातल्या माणसाचं काम होतं आणि घरात आता मीच उरले होते.

मी उठले. त्याचे दोन्ही हात धरले. दोरीने घट्टे पडलेले हात.

"दादा," मी म्हटलं, "वहिनी गेली."

त्याने खिडकीतल्या झेंड्यांकडे पुन्हा एकदा बघितलं.

"वहिनी गेली, दादा. तूच अर्ध्यावर आणलास तो. तिच्यासाठी."

त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मग तो माझ्या स्टुलावर बसला, फाटक्या झेंड्यांच्या ढिगात तोंड खुपसलं आणि रडला. लहान मुलासारखा, नाक-डोळे पुसण्याची शुद्ध नाही, असा रडला. मी त्याच्या टकलावरून हात फिरवत उभी राहिले आणि मीही रडून घेतलं. दोन दिवस मीही कुठे रडले होते? चहाचे कप विसळत होते.

साहेब दारात होते. कधीपासून होते कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "काय लिहायचं ते लिहा आमच्याविरुद्ध. पण आत्ता नाही. आत्ता तो रडतोय."

जवळून बघितलं तर त्यांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्या सोहळ्याने त्यांनाही झोप दिली नसावी. ते हळूच म्हणाले, "वरून पुन्हा फोन आलाय. कुणासाठी मौन पाळलंत, नाव कळवा म्हणतात."

"मग कळवा की."

"काय कळवू? हुकूम मिळाला असं मी सांगून बसलोय." ते दाराच्या चौकटीला टेकले. इस्त्री केलेला माणूस चौकटीला टेकताना मी पहिल्यांदा बघितला. "बाई शाळेत शिकवायच्या ना?"

"आयुष्यभर."

"झेंड्याबद्दल शिकवायच्या?"

"तुमचे तिन्ही अर्थ शिकवले तिने. बिनतक्रार."

त्यांनी मान हलवली. दादाकडे एकदा बघितलं. "मग झालं," असं काहीसं पुटपुटले आणि वर गेले. थोड्या वेळाने फोनवाली येऊन सांगून गेली. साहेबांनी वर कळवलं होतं की सुवर्णमहोत्सवाची सुरुवात म्हणून, देशाला झेंड्याची ओळख करून देणाऱ्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ एक दिवसाचा दुखवटा पाळण्यात येत आहे. वरच्यांना ती कल्पना फार आवडली. दर वर्षी पाळावा का, याचा विचार करायला एक समिती नेमणार होते.

मला वहिनीची इतकी आठवण आली म्हणून सांगू! ती केवढी हसली असती.

साहेबांनी दादाला घरी जायला सांगून पाठवलं. रजा मंजूर म्हणे, आजपासूनच. दादाने तोंड धुतलं होतं, डोळे सुजले होते, पण ते आता माणसाचे डोळे होते. तो म्हणाला, "अर्ध्यावर सोडून कसा जाऊ? संध्याकाळी मीच उतरवणार."

तो दिवसभर माझ्याजवळ बसून राहिला. मधेच हुंदका यायचा, मग शांत व्हायचा. मी शिवत होते. बाहेर रस्त्यावर लोक हळू आवाजात बोलत होते. समोरच्या चहाच्या दुकानाने गाणी बंद ठेवली होती. वहिनीच्या जुन्या शाळेतही मुलांना रांगेत उभं केलं होतं, असं फोनवालीने सांगितलं. एवढं मोठं शहर आमच्या वहिनीसाठी गप्प होतं आणि शहराला तिचं नावही ठाऊक नव्हतं. मला एकाच वेळी अभिमानही वाटत होता आणि एवढा थकवा वाटत होता की मशीनवर डोकं टेकून झोपावं.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर मनोऱ्यावर गेले. इतकी वर्षं त्या इमारतीत काढली, पण वर कधी गेले नव्हते. पायऱ्या चढताना तीनदा बसले. वर वारा होता आणि सगळं शहर दिसत होतं, जिकडे तिकडे अर्ध्यावरचे झेंडे.

दादाने मान वर केली. झेंड्याच्या वरची रिकामी काठी बघत राहिला.

"बरीच जागा सोडली मी," तो म्हणाला. "एवढीशी तर होती ती."

"राहू दे," मी म्हटलं. "ऐसपैस बसू दे तिला एक दिवस."

तो हसला. हसता हसता डोळे पुन्हा भरले, त्याने ते पुसले नाहीत. दुखवट्याची रीत अशी की उतरवण्याआधी झेंडा पुन्हा एकदा थेट वर न्यायचा. त्याने दोरी धरली आणि हळूहळू नेला, शेवटपर्यंत. क्षणभर धरला. ओठ हलले त्याचे. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, पण एकच शब्द होता आणि तो कोणता हे मला कळलं. "वर," असं तो म्हणाला.

मग झेंडा खाली आला. दादाने एक टोक माझ्या हातात दिलं.

"ताठ धर. टेकवू नकोस."

मी धरलं. आयुष्यभर झेंडे शिवले, पण घडी कधी घातली नव्हती. माझी बाजू सैल पडली, दुमड वाकडी गेली, पिवळा बाहेर आला. दादाने उलगडला, पुन्हा धरायला लावलं. पुन्हा वाकडी. मला वाटलं, आता चिडेल.

चिडला नाही. माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "तिला यायची नीट."

"शिकेन मी."

तिसऱ्या खेपेला जमली. निळी बाजू बाहेर. त्याने ती घडी छातीशी धरली, मनोऱ्याचं दार लावलं आणि पहिल्या पायरीवर माझी वाट बघत थांबला.

"चल," तो म्हणाला, "घरी ती चादर तशीच पडलीय. तिचीही घडी घालू."